चार बोटं अलीकडे

माझ्या सवतीला मिशी आहे. झुपकेदार, दोन्ही टोकांना खाली उतरलेली. उंचीला माझ्याएवढीच, अंगाने पिंपासारखी, आणि हसली की पुढचे दोन दात आधी बाहेर येतात. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ती माझ्या नवऱ्याच्या आयुष्यात आहे आणि तिच्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही. तोंडावर मी तिला भाऊजी म्हणते.

नवरा अवजड सामान हलवतो. जिथे टेम्पो पोचत नाही, लिफ्टमध्ये वस्तू मावत नाही आणि जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं, तिथे याला बोलावतात. तिजोऱ्या, पियानो, दगडी फरश्या, लोखंडी कपाटं. पद्धत जुनीच. एक लांब दांडा, दोन खांदे, आणि दांड्याच्या मध्ये दोराने टांगलेलं ओझं. पुढे नवरा, मागे जोडीदार. जोडीदार म्हणजेच ती माझी सवत.

या धंद्यात एक रीत आहे. दोघांतला एक उंच असला की दांडा तिरका होतो, म्हणून बुटक्याने खांद्यावर उशी घ्यायची. ही उशी बुटक्याच्या घरी शिवत नाहीत, उंच माणसाच्या घरी शिवतात. कारण माप उंच माणसाच्या खांद्याचं घ्यायचं असतं, आणि आपला माणूस किती उंच आहे हे त्याच्या घरच्यांना बरोबर ठाऊक असतं. मी एका दुकानासाठी पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं शिवते, त्यामुळे सुईला सुट्टी कधीच नसते. पण लग्न होऊन घरात पाऊल टाकलं आणि नवऱ्याने पहिलं काम सांगितलं ते या जोडीदाराच्या उशीचं. स्वतःच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, ते नाही सांगितलं. तेव्हापासून दर काही महिन्यांनी ती उशी घरी येते, मी उसवते, दबलेला कापूस पिंजते, नवा भरते आणि शिवून देते. सवतीसाठी मऊ उशी करून देणारी बाई तुम्ही दुसरी बघितली असेल तर मला सांगा.

एकदा मी त्यांचं काम बघायला गेले होते. कुठल्याशा गाण्याच्या वर्गाचा पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा होता. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल, जरा इकडे घे, अरे तिकडे धर. तसलं काही नाही. नवरा नुसता "हं" म्हणायचा. एक हं म्हणजे उचल, जरा लांबवलेला हं म्हणजे वळण आलं, नाकातला हं म्हणजे थांब, टेकव. मागून जोडीदाराचा श्वास यायचा आणि नवरा त्या श्वासावर पाऊल टाकायचा. पियानो असा वर गेला की त्याची एक तार वाजली नाही. मी जिन्याच्या तळाशी उभी होते आणि मला चक्क लाज वाटली. दुसऱ्याच्या खोलीचं दार चुकून उघडावं आणि पटकन लोटून घ्यावं, तसं झालं. घरी याचा एकच हं असतो. भाजी बरी झालीये का, हं. आईला पत्र टाकू का, हं. घराला आग लागलीये, हं.

तर तो पडला. तिजोरी खाली उतरवत होते, जिन्याची एक पायरी निखळली, नवरा पुढे होता तो उजव्या खांद्यावर आदळला. तिजोरी भिंतीत रुतली म्हणून निभावलं. मागे जोडीदाराच्या खांद्याला जबर हिसका बसला, पण तो उभा राहिला. मला कळवायला कुणीतरी घरी आलं तेव्हा मी पडद्याच्या चुण्या घालत होते, कात्री तशीच हातात घेऊन दवाखान्यात गेले. बघते तर नवरा बाकावर पांढराफटक बसलेला आणि जोडीदार त्याच्या कोपराखाली आपली मांडी देऊन, हात तोलून धरून बसलेला. मला जागाच नव्हती बसायला. मी उभी राहिले.

हाडांची डॉक्टर बाई होती, चष्मा डोक्यावर ढकलून बोलणारी. तिने दोघांचेही फोटो काढले, मग स्कॅन केलं, आणि दोघांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. लग्नाचा फोटो लावतात तशी.

"गळ्याच्या खाली हे आडवं जातं ना, हासळीचं हाड, ते मोडलंय," ती म्हणाली. "बरोबर मध्ये. ते असं नागमोडी असतं, आणि दोन बाक जिथे मिळतात तिथेच बहुतेक वेळा मोडतं."

"ओझ्याने?" मी विचारलं.

"नाही हो, पडल्याने. ओझ्यासाठी तर हे हाड यांनी कमावलंय. या, दाखवते."

आणि तिने दाखवलं. तिला आवड होती सांगायची, आणि समोर असली हाडं तिला रोज मिळत नसावीत. हाताचा सगळा भार धडाकडे न्यायला हाडांची वाट एकच, ती म्हणाली, ती म्हणजे हे हाड. खांद्यावर जे ठेवाल ते यातून छातीच्या हाडाकडे जातं. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, नळीसारखं, मधोमध मज्जा. या हाडात तशी धड पोकळी नसते. बाहेर कवच, मध्यावर जाड आणि टोकांना पातळ, आणि आत सगळी जाळी. वाळलेलं घोसाळं आतून असतं तशी. जाळीचे धागे वाटेल तसे नसतात, भार ज्या वाटेने जातो त्या वाटेने ते उभे राहतात. भार वाढला तर धागे जाड होतात, कवच भरतं. भार गेला तर हाड सगळं हळूहळू परत घेतं.

"हे यांचं डावं," ती म्हणाली. "सडपातळ, कुणाचंही असतं तसं. आणि हे उजवं. कवच बघा. जाळी बघा किती दाट. मोडलंय तरी काय हाड आहे."

मी बघितलं. पांढऱ्या कड्याच्या आत बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. नवऱ्याच्या अंगात इतकं खोल मी कधी गेले नव्हते. आणि तिथे कोण बसलं होतं? प्रत्येक रेघ म्हणजे एकेक तिजोरी, एकेक पियानो, आणि त्या प्रत्येक ओझ्याचं दुसरं टोक या जोडीदाराच्या खांद्यावर. माझा त्यात एक धागा नव्हता. मी कधी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं असेल, तर तेवढ्याने हाडाला काय कळणार? वाटलं, त्या बाईने आता मलाही तपासावं.

मग डॉक्टरबाईने चष्मा खाली ओढला आणि दोन्ही चित्रांकडे बघत राहिली. "तुम्ही दोघं बरोबरीनेच उचलता ना? दोघंही उजव्याच खांद्यावर?"

"हो," जोडीदार म्हणाला. नवरा आपल्या बुटांकडे बघत होता.

"गंमत आहे. तुम्ही अंगाने दुप्पट, पण हाड यांचं जास्त भरलेलं. बरंच जास्त." मग तिने हात झटकला. "अर्थात माणसामाणसात फरक असतो. हाड बघून कुणी किती उचललं हे छातीठोक सांगता येत नाही."

तिने सोडून दिलं. मी सोडणाऱ्यातली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला झोपवलं आणि दाराआडचा दांडा बाहेर काढला. हा दांडा आमच्याकडेच असतो, रोज येता जाता बघितलेला, पण असा कधी बघितला नव्हता. मधोमध दोरासाठी खाच आहे. चढउतारावर दोर घसरतो, म्हणून खाचेत बसवून बांधायचा. खाचेच्या कडा कोऱ्या होत्या, बोटाला लागतील अशा. आणि खाचेपासून अलीकडे, नवऱ्याच्या टोकाकडे, लाकूड गुळगुळीत झिजलेलं. मी बोटं ठेवून बघितली. चार बोटं.

दोर चार बोटं याच्याकडे सरकला की तेवढं ओझं याच्यावर येतं आणि मागच्याचं तेवढं हलकं होतं. एका दिवसाची गोष्ट असती तर म्हटलं असतं, असेल. लाकूड झिजलं होतं. इकडे मी पाण्याचे हंडे भरून वरच्या खोलीत नेते, शिवणाचे गठ्ठे पाठीवर मारून दुकानात पोचवते, आणि हा जिन्यात आडवा येतो तो बाजूला सरकून मला वाट करून देतो. तेवढंच. आणि तिकडे त्या पिंपाला चार बोटं. रोज. न मागता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"दोर चार बोटं तुमच्याकडे का असतो?" मी दांडा त्याच्यासमोर धरून विचारलं.

तो छताकडे बघत राहिला. "तो आला तेव्हा पोरगा होता. मिसरूड फुटत होतं. हाड कोवळं होतं."

"आता मिशीत पांढरे केस आहेत त्याच्या."

"हं."

"मग परत मध्ये का नाही घेतला?"

"राहिलं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

राहिलं म्हणे! माझ्या माहेरी मला न्यायचं राहिलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. पण मला एका गोष्टीचं समाधान होतं. त्या ठोंब्याला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरबाईने विचारलं तर कसा छाती काढून हो म्हणाला. माझ्या नवऱ्याचं हाड झिजवून, नाही, जाडवून, हा बरोबरीचा गडी म्हणून मिरवत होता.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. हात गळ्यात अडकवलेला, हलवायचा नाही. मी सदरा घालायला गेले की नवरा कळवळायचा. आणि जोडीदार रोज संध्याकाळी यायचा, बूट दाराशी काढायचा, म्हणायचा, "वहिनी, द्या इकडे." मग तो नवऱ्याच्या कोपराखाली तळवा द्यायचा, जरासा वर, जरासा पुढे, आणि बाही अशी चढायची की नवऱ्याच्या कपाळावर आठी नाही. याला माहीत होतं तो खांदा कुठे दुखतो. मी त्या खांद्याशेजारी झोपते आणि मला माहीत नव्हतं. वर दोघं हसायचे. कशावर, ते मला कधी कळलं नाही, कारण त्यांच्या विनोदातही बोलणं नसतं.

एके संध्याकाळी मी चहा टाकला होता. जोडीदार सदऱ्याची बटणं लावत होता, खालून वर, एकेक. नवऱ्याने हनुवटी वर केली, लहान मूल करतं तशी. वरच्या बटणासाठी. माझ्यासमोर त्याने कधी हनुवटी वर केली नव्हती. मी गॅस बंद केला.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं अर्धं ओझं उचललंत असं तुम्हाला वाटतं ना?"

"अगं," नवरा म्हणाला.

"बोलू द्या मला. डॉक्टरबाई उगीच नाही म्हणाल्या. दोर कायम चार बोटं यांच्याकडे असतो, भाऊजी. तुम्ही आलात त्या दिवसापासून. तुमच्या वाटणीचं हे उचलतात. विश्वास नसेल तर दांडा बघा." आणि मी दाराआडचा दांडा ओढून मध्ये आणला.

जोडीदाराने दांड्याकडे बघितलं नाही. त्याने वरचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं होतं जोडीदाराचं तोंड पडेल, चार शब्द बोलेल, निदान खोटं तरी म्हणेल. तो उठला.

"चहा राहू द्या, वहिनी," तो म्हणाला, आणि बूट घालून गेला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंबऱ्यावर उशी ठेवलेली. धुऊन, वाळवून, नीट घडी मारता येत नाही तरी मारल्यासारखी. उशी परत आली की जोडी मोडली. या धंद्यात असं कुणी बोलून दाखवत नाही, उशी परत करतात.

मी जिंकले होते. असं म्हणतात ना, की मनासारखं झालं की माणूस जेवतो दोन घास जास्त. मी जेवलेही. नवरा जेवला नाही. तो मला एक शब्द बोलला नाही. एरवीही बोलत नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. आधी घरात एक हं तरी असायचा, तोही गेला. कुणीतरी सांगितलं की जोडीदार आता गोदामात ढकलगाडी लोटतो, दुसऱ्या कुणाबरोबर दांडा धरायला नको म्हणाला. मी ते नवऱ्याच्या कानावर घातलं. तो खिडकीकडे वळून बसला.

हाड जुळलं. जुळताना दोन टोकं थोडी एकमेकांवर चढली, त्यामुळे हाड किंचित आखूड झालं आणि उजवा खांदा जरासा उतरला. डॉक्टरबाई म्हणाली, चालेल. पण तिने नवी चित्रं लावली तेव्हा तिचा चेहरा तितकासा खुलला नाही.

"आता भार द्यायला लागा. हळूहळू, थोडा थोडा," ती म्हणाली. "नुसतं बसून राहिलात तर हे जे भरलंय ते सगळं विरून जाईल. हाडाला काम दिसलं पाहिजे. नाहीतर ते म्हणेल, माझी गरज नाही."

नवरा घरी आला आणि बसून राहिला. मी वाळूने भरलेली पिशवी त्याच्यासमोर ठेवली, त्याने बघितली नाही. बादली ठेवली, नाही. मी डोक्यात राख घालून विचारलं की हात पांगळा करून घ्यायचाय का. तेव्हा तो इतक्या दिवसांनी बोलला.

"एकट्याने उचलायचं मला कळत नाही. किती झालं ते मागून कळतं."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. एकाच वेळी दोन्ही वाटणं ही माझी जुनी सवय आहे. मी दांडा आणला. वाळूची बादली दोराने टांगली. दांड्याचं पुढचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "चला, मी आहे मागे."

त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं. मग कोपऱ्यातल्या उशीकडे बोट दाखवलं. "उशी घे. तू बुटकी आहेस."

सवतीची उशी मी माझ्या खांद्यावर घेतली. माझ्याच हाताने शिवलेली, पण मध्ये भाऊजींच्या हाडाचा खळगा पडलेला, रुंद आणि आडवा. माझं हाड त्यात बसेना. दांडा सरकायचा, मानेला घासायचा. पहिल्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरापासून दारापर्यंत गेलो आणि अर्धी वाळू जमिनीवर सांडली. माझं पाऊल त्याच्या पावलावर पडेना. "श्वास ऐक," तो म्हणाला. मी ऐकला. असा ऐकायचा असतो हे मला माहीत नव्हतं. पाऊल टाकायच्या आधी तो जरासा थांबतो, आणि त्या थांबण्यात मागच्याने पाय उचलायचा असतो.

रोज थोडी वाळू वाढवली. अंगणात जाऊन यायचं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. शेजारीण दारात उभी राहून विचारायची, आज कुठे निघाली वरात? मी म्हणायचे, तुझ्याकडेच वाळू विकायला येतोय. नवरा पुढून फसकन हसला एकदा, आणि ते हसू दांड्यातून माझ्या खांद्यापर्यंत आलं. मी कुणाला सांगितलं नाही. ते मला एकटीला हवं होतं.

मग मला सगळे हं ऐकू यायला लागले. उचलचा, वळणाचा, थांबचा. माझ्या खांद्यावर वळ उठले, पुढे ते घट्ट झाले. मी अंघोळीला बसले की गळ्याखालच्या हाडावरून बोट फिरवायचे. वाटायचं, आत धागे उभे राहत असतील. याच्या ओझ्याचं दुसरं टोक आता माझ्या आत. किती दिवसांनी मला बरं वाटत होतं. फक्त एक गोष्ट खुपत होती.

दोर खाचेत असायचा. बरोबर मध्ये. रोज. तो स्वतः बांधायचा आणि ओढून बघायचा. त्याच्या मिशीवाल्याला चार बोटं, आणि मला काय? मी बाई, मी बायको, माझं हाड कोवळं नव्हतं का? त्याचा खांदा आजारी होता हे मला कळत होतं. कळत असूनही झोंबत होतं.

माझं शिवणयंत्र खालच्या खोलीत होतं, लोखंडी पाय, लाकडी फळी, सगळं एकत्र. वर उजेड चांगला येतो म्हणून ते वर न्यायचं कधीपासून चाललं होतं. नवरा म्हणाला, "आज नेऊ." त्याने दोर घातला, खाचेत बांधला, ओढून बघितला, आणि पुढे जाऊन वाकला.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी गाठ जराशी सैल केली, दोर माझ्याकडे ओढला आणि परत आवळला. बोटं ठेवून बघितलं. चार. त्याचं हाड वाचवायला, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर मला माझं एक गुपित हवं होतं. त्याने त्या माणसासाठी वर्षानुवर्षं जे केलं ते मी त्याच्यासाठी करणार होते, आणि त्याला कळणार नव्हतं, आणि मी मनातल्या मनात त्या दोघांच्या पुढे जाणार होते.

"हं," तो म्हणाला. आम्ही उचललं. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. मागे वळला नाही. मानही हलवली नाही.

"दोर मध्ये घे," तो म्हणाला.

"मध्येच आहे."

"चार बोटं तुझ्याकडे आहे."

नाकातला हं झाला आणि आम्ही यंत्र टेकवलं.

"कसं कळलं तुम्हाला? तुम्ही तर पुढे बघत होतात."

"खांद्याला कळतं. लगेच."

मी उशी काढून हातात घेतली. "म्हणजे मागच्याच्या खांद्यालाही कळतं?"

तो पायरीवर बसला. उजवा खांदा उतरलेला, हात मांडीवर. "पहिल्या दिवशीच कळतं," तो म्हणाला.

"भाऊजींना माहीत होतं?"

"हं."

"मग इतकी वर्षं बोलले का नाहीत?"

"मी तरी कुठे बोललो." त्याने दोराचं टोक हातात घेतलं. "बोललं की उपकार होतो. मग कसा घेणार तो?"

म्हणून जोडीदाराने दांड्याकडे बघितलं नव्हतं. मी ओरडून ओरडून सांगत होते ते त्याला कधीचंच ठाऊक होतं. मला वाटलं होतं मी नवऱ्याचं गुपित त्याच्या तोंडावर फेकलं. गुपित होतं ते दोघांचं. नवरा द्यायचा, तो घ्यायचा, दोघांच्या खांद्याला कळायचं आणि दोघं वर बघून चालायचे. ज्याला माहीत नव्हतं असं माणूस एकच होतं, आणि ते मी. ते बोलून मी त्याचा उपकार करून टाकला, आणि उपकार परत करायला जोडीदाराकडे काय होतं? उशी होती, ती त्याने दिली.

जिन्यात बसून मी रडले. पश्चात्तापाने, असं म्हणायला मला आवडलं असतं. मत्सराने रडले. इतकं कुणी माझ्याशी न बोलता बोललं नव्हतं.

नवऱ्याने दोर मध्ये घेतला. यंत्र वर नेलं.

त्याच दिवशी मी नवऱ्याला भिंतीशी उभं केलं आणि माप घेतलं. खांदा पूर्वीपेक्षा उतरला होता, म्हणजे जुनी उशी आता जाड होणार होती. हे माप जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी उशी उसवली, कापूस पिंजला, थोडा काढून ठेवला. जोडीदाराच्या खळग्याच्या जागी आतून दुहेरी कापड लावलं. शिवताना दोनदा सुई बोटात गेली आणि दोन्ही वेळा मी त्यालाच शिव्या घातल्या.

जोडीदार गोदामाच्या दाराशी ढकलगाडीच्या चाकाला तेल घालत होता. मला बघून उठला आणि हात पँटला पुसले. बारीक झाला होता. मिशी तेवढी तशीच.

"भाऊजी," मी उशी पुढे केली. "यांचा खांदा उतरलाय. त्या मापाने पातळ केलीये."

त्याने लगेच हात पुढे केला नाही. मी तशीच धरून उभी राहिले. माझाही हात दुखत होता. मग त्याने घेतली, खांद्यावर ठेवली, वरून तळव्याने दाबली. डोळे मिटून जरासा उभा राहिला. माझ्या नवऱ्याची नवी उंची त्याला तिथे कळत होती, मला दिसत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "आता दोर मी..."

"मला सांगू नका," मी म्हटलं, आणि घरी आले.